माळवद: डागडुजी की उतरवणी?

मृग तोंडावर आला की हुमनाबाद, मन्नाएखेळ्ळीपासून खाली चिंचोळीपर्यंतच्या गावांत एक जुनं काम निघतं. माळवदावर, म्हणजे घराच्या सपाट मातीच्या छतावर चढायचं, उगवलेलं गवत मुळासकट उपटायचं, उंदरा-घुशींची बिळं बुजवायची आणि गेल्या साली जिथं पाणी झिरपलं तिथं चार पाट्या पांढरी माती टाकून चोपायची. घरात थेंब पडेनासा झाला की काम फत्ते. पण तुळया काळवंडल्या, किलचा कुजून मातीचे खडे ताटात पडू लागले, की दरवर्षीची ही डागडुजी पुरत नाही आणि घरात वाद सुरू होतो. म्हातारी माणसं म्हणतात, अजून पन्नास वर्षं काही होत नाही, फक्त माती बदला. मुलं म्हणतात, उकरून टाका, स्लॅब ओता. दोन्ही बाजू गळतीवरून भांडतात, आणि खरी चूक तिथंच आहे. जुन्या छताचा निर्णय गळतीवरून करायचा नसतो. छताचं वजन किती झालं आहे आणि ते पेलणारं लाकूड व भिंत कितपत धड आहे, यावर करायचा असतो. या कसोटीवर पाहिलं तर पुष्कळ माळवदं पाडायची गरज नाही, पण आज होते तशी डागडुजी मात्र जवळपास कुठल्याच माळवदाची करू नये.

माळवदाची रचना फार विचारपूर्वक केलेली आहे. दगड-मातीच्या रुंद भिंतींच्या आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर सर, सरांवर किलचा किंवा फळ्या, त्यावर निरगुडीचा पाला नाहीतर तुराट्यांचा थर आणि सगळ्यांत वर माती. दोन खांबांमधला गाळा म्हणजे खण, आणि घर किती मोठं हे खणांवरून सांगायचं. वरची माती कुठलीही चालत नाही. काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून पडक्या गढीची किंवा जुन्या गावठाणाची पांढरी माती आणायची. ती भिजली की घट्ट बसते आणि पाणी खाली जाऊ देत नाही. पावसाचं पाणी पन्हाळीतून बाहेर, धूर साण्यातून वर. कमी खर्चात, गावच्याच सुताराकडून आणि गवंड्याकडून होणारं हे छत होतं, आणि उन्हाळ्यात त्याखालचा गारवा स्लॅबखाली मिळत नाही.

या रचनेत खोट एकच, ती म्हणजे तिची दुरुस्ती नेहमी वरून भर घालून होते. जुनी माती काढायला श्रम पडतात, नवी टाकायला कमी. समजा दरसाल अर्धा इंच माती पडली आणि त्यातली पाव इंच पावसानं धुऊन नेली, तरी चाळीस वर्षांत दहा इंचांची भर पडते. दाबून बसलेल्या मातीचं वजन घनमीटरला साधारण १६०० ते १८०० किलो धरतात. दहा फूट बाय बारा फुटांच्या खोलीवर एक फूट माती असेल तर डोक्यावर साडेपाच ते सहा टन भार आला. दोन फूट असेल तर अकरा-बारा टन, आणि श्रावणातल्या झडीनंतर भिजल्यावर त्याहून जास्त. याच खोलीवर साडेचार इंची सिमेंटचा स्लॅब टाकला तर त्याचं वजन सव्वातीन टनांच्या आसपास होतं. पत्र्यांचं वजन तर, खालचा सांगाडा सोडला, शंभर किलोही भरत नाही. आजोबांच्या काळात हेच घर होतं आणि काही झालं नाही, हे म्हणणं खरं आहे. फक्त आजोबांनी ज्या तुळईवर सहा टन ठेवले तिच्यावर नातवानं दहा-बारा टन ठेवले आहेत, आणि तुळई तेवढीच म्हातारी झाली आहे.

या वजनाचा हिशेब १९९३ साली सबंध देशानं पाहिला. ३० सप्टेंबरच्या पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जन करून लोक झोपलेले असताना, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर-उस्मानाबादच्या गावांत सुमारे आठ हजार माणसं गेली. हादरा बीदर आणि गुलबर्ग्यातही (आताचं कलबुर्गी) जाणवला. भूकंपाची तीव्रता सहाहून थोडीच अधिक होती. जगात अन्यत्र एवढ्या भूकंपात इतकी माणसं सहसा मरत नाहीत. इथं मेली ती दगड-मातीच्या भिंती आणि माळवदाच्या जाड थराखाली. नंतर पाहणी करणाऱ्या अभियंत्यांना आणखी एक गोष्ट दिसली. काही घरांत चारी भिंती ढासळल्या, पण खांब-तुळयांचा सांगाडा उभा राहिला. म्हणजे लाकडी चौकट टाकाऊ नव्हती. भिंतीचे आतले आणि बाहेरचे दगड एकमेकांत न गुंफणारी बांधणी आणि छतावरची माती यांनी घात केला.

यावर एक आक्षेप नेहमी येतो: आपला भाग दख्खनच्या पठारावर, इथं कुठला भूकंप? किल्लारीबद्दलही असंच समजत होते. १९९३ पूर्वी तो भाग भूकंपाच्या नकाशात सर्वांत कमी धोक्याच्या पहिल्या विभागात होता. पुढं २००२ मध्ये भारतीय मानकानं तो पहिला विभागच काढून टाकला. आणि २०२१ च्या ऑक्टोबरात चिंचोळी तालुक्यातल्या गडिकेश्वर व आसपासच्या गावांत एकामागून एक धक्के बसले, त्यातला मोठा चारच्या आसपास होता. लोकांनी घराबाहेर रात्री काढल्या, काहींनी गावच सोडलं. शिवाय छत पडायला भूकंपच लागतो असं नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये भीमेला पूर आला त्या पावसात कलबुर्गी-सोलापूर पट्ट्यात मातीच्या घरांची मोठी पडझड झाली. भिजलेली माती, भिजलेली भिंत आणि आधीच वाकलेली तुळई यांना धक्क्याची गरज नसते.

हा प्रश्न फक्त आपल्या मातीच्या घरांचा नाही. अमेरिकेत घरांच्या उतरत्या छपरांवर डांबराच्या कौलांसारख्या चकत्या ठोकतात, त्यांना शिंगल म्हणतात. काचतंतूंच्या पातळ चटईला डांबर चोपडलेलं आणि वर खडीचा बारीक चुरा. उन्हानं डांबरातलं तेल उडतं, चकत्या कडक होतात, तडकतात, चुरा पन्हाळीत गळून पडतो. न्यू जर्सीतल्या मराठी घरांनाही तेव्हा हाच प्रश्न पडतो: सगळं छप्पर बदलायचं, की अलीकडे निघालेली सोयाबीन तेलाची फवारणी करून चकत्यांना पुन्हा मऊपणा आणायचा? फवारणीनं कडक झालेली चकती थोडी सैल पडेल, पण गळून गेलेला चुरा परत येत नाही आणि खालची कुजलेली फळी नीट होत नाही. तिथल्या बांधकाम संहितेत एक नियम मात्र आपण उचलण्यासारखा आहे. जुन्या चकत्यांवर नव्या चकत्यांचा एक थर चालतो. दोन थर झाले असतील तर तिसरा टाकता येत नाही, आधी सगळे उतरवावे लागतात. आपल्या माळवदाला असा नियम कुणी घातलाच नाही.

मग ठरवायचं कसं? पहिल्यांदा माळवदाच्या कडेला एक लहान चौकोन पाल्याच्या थरापर्यंत उकरून मातीची जाडी मोजावी. बहुतेकांना आपल्या डोक्यावर किती माती आहे हे ठाऊकच नसतं. दुसरं, तुळईची भिंतीत गेलेली टोकं तपासावीत. मधला भाग ठणठणीत दिसतो, पण ओल आणि वाळवी टोकापाशी शिरते, कारण तिथं वारा लागत नाही. टोच्या घेऊन भिंतीलगत दाबावा. तो जेमतेम टोचला तर लाकूड चांगलं आहे, लोण्यात गेल्यासारखा बोटभर आत गेला तर ती तुळई गेलीच. हातोडीनं ठोकल्यावर खणखणीत आवाज येतो की बद्द, हेही सुतार लगेच सांगतो. तिसरं, तुळईच्या दोन टोकांना सुतळी ताणून मधला झोळ मोजावा. साधारण नियम लांबीच्या दोनशेचाळिसाव्या भागाचा, म्हणजे दहा फुटी तुळईला अर्धा इंच. जुनं लाकूड वर्षानुवर्षांच्या भारानं याहून जास्त वाकलेलं असू शकतं, म्हणून एकदा मोजून खूण करावी आणि पावसाळ्यानंतर पुन्हा मोजावं. वाढता झोळ धोक्याचा. चौथं, भिंत पाहावी. मध्येच पोट सुटलेली, कोपऱ्यात उभी भेग पडलेली किंवा खांबापासून सुटलेली भिंत असेल तर प्रश्न छताचा उरलेलाच नाही.

या चार गोष्टींवरून उत्तर बहुतेक वेळा आपोआप निघतं. लाकूड आणि भिंत धड आणि माती जाड, तर माळवद ठेवावं, पण हलकं करावं. सुतारानं पाहिल्यावर एखाद-दुसरी तुळई कुजलेली निघाली तर टेकू देऊन ती बदलावी. बहुतेक टोकं गेली असतील किंवा भिंतीनं पोट काढलं असेल, तर छत उतरवावं आणि भिंतीसकट नव्यानं विचार करावा. हलकं करणं म्हणजे काय, तर पावसाळ्यापूर्वी आधी खाली टेकू लावायचे आणि मग माती थराथरानं, दोन्ही बाजूंनी सारखी उतरवत न्यायची. एका कोपऱ्यातून खणत गेलं तर भार एकीकडे होऊन तुळई सटकते. पाला बदलून चाळलेल्या मातीचा पाच-सहा इंचांचा थर पन्हाळीकडे उतार देऊन पुन्हा घालायचा. पाणी अडवण्यासाठी प्लास्टिक घालायचंच असेल तर ते लाकडावर थेट न अंथरता मातीच्या थरात, कडेपर्यंत सांधे चढवून घालावं. खांब आणि तुळईच्या कोनांत तिरके लाकडी आधार बसवले की चौकट हादऱ्यात तिरपी होत नाही. किल्लारीनंतर लातूर भागात राजेंद्र आणि रूपल देसाई यांच्यासारख्या तज्ज्ञांनी अशी घरं मजबूत करून दाखवली. वजन कमी करणं, भिंतीत आरपार बांधणीचे दगड घालणं आणि चौकट बांधणं यांवर त्या कामांचा भर होता.

तरीही त्या वेळी महाराष्ट्र सरकारच्या दुरुस्ती-मजबुतीकरण योजनेत, जी लाखाहून अधिक घरांसाठी होती, बहुसंख्य कुटुंबांनी जुनं घर मजबूत करण्याऐवजी मिळालेल्या पैशात एक नवी पक्की खोली बांधली. यावरून लोकांना कळत नव्हतं असं म्हणणं चुकीचं ठरेल. ज्यांनी शेजारचं गाव गाडलेलं पाहिलं त्यांना दगडी भिंतीखाली झोप येणार कशी? एक खोली तरी भरवशाची असावी, हा विचार शहाणपणाचाच होता. पण त्याचा एक परिणाम असा झाला की उरलेलं माळवद तसंच राहिलं, त्याखाली धान्य आणि जनावरं राहिली, म्हातारी माणसंही राहिली. नवी खोली बांधली म्हणून जुन्या छताचा निर्णय झाला असं होत नाही. तो फक्त पुढं ढकलला जातो.

स्लॅबच्या बाजूचा आक्षेप आणखी जोरदार आहे. महामार्गालगत नव्या दुकानांना स्लॅब, मुलाचं लग्न ठरवताना पहिला प्रश्न स्लॅबच्या घराचा, मग मातीचं घर का जपायचं? स्लॅब नवीन पायावर, सिमेंटात बांधलेल्या भिंतींवर आणि भिंतींत काँक्रीटच्या आडव्या पट्ट्यांसह घालणार असाल तर जरूर घाला. पण जुनं माळवद उतरवून त्याच दगड-मातीच्या भिंतींवर स्लॅब टाकणं हा सर्वांत वाईट पर्याय आहे. माळवदाचा भार निदान खांबांवरून जमिनीत जात होता. इथं खांब काढले आणि मातीत बांधलेल्या भिंतींवर तीन टनांचा एकसंध तुकडा ठेवला. भिंत सरकली तर तो तुकडा अख्खाच खाली येतो. स्लॅब हाही अमर नसतो. त्यात पाणी मुरलं की सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो आणि खालचं प्लास्टर फुगून पडतं. त्यावर वॉटरप्रूफचा रंग किंवा कोबा चढवणं हे माळवदावर माती टाकण्यासारखंच आहे.

गारव्याचा मुद्दा खरा आहे. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत दुपारी बसवत नाही. पण गारव्यासाठी दोन फूट माती लागत नाही. पाल्यावरचा सहा इंचांचा थर आणि घरातून वाहणारं वारं पुष्कळ काम करतं. पत्राच घालायचा असेल तर तो वरून पांढऱ्या चुन्यानं रंगवावा आणि खाली बांबूच्या चटईचं किंवा फळ्यांचं छत घालून मध्ये हवा खेळती ठेवावी. कलबुर्गीकडे शहाबादी फरशीची छतं आहेत. ती माळवदापेक्षा हलकी असली तरी फरशी ठिसूळ असते, हादऱ्यात सुटून खाली येते. तिथंही खालच्या तुळया किंवा गर्डर आणि भिंत हेच पाहायचं.

उरतो पैशाचा प्रश्न, आणि इथं सरकारी योजनांनी घरातल्या वादाचा निकाल आधीच लावून ठेवला आहे. जुन्या इंदिरा आवास योजनेत कच्च्या घराची सुधारणा करण्यासाठीही निधीचा काही हिस्सा ठेवलेला होता. २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री आवास योजनेत (ग्रामीण) सपाट प्रदेशात १ लाख २० हजार रुपये मिळतात, पण नवं घर बांधण्यासाठी. माळवदाची माती उतरवायला कुठूनच काही मिळत नाही. छत कोसळल्यावर पडझडीची भरपाई मात्र मिळते. ग्रामपंचायतीनं पावसाळ्यापूर्वी सुतार आणि अभियंता घेऊन गावातल्या माळवदांची जाडी आणि तुळया तपासल्या आणि मजुरीचा खर्च उचलला, तर तो दरसालच्या भरपाईपेक्षा स्वस्त पडेल. ती सोय होईपर्यंत निर्णय ज्याचा त्यानं घ्यायचा आहे, आणि तो कठीण नाही. लाकूड-भिंत धड असेल तर माती उतरवा, ती गेली असेल तर छत उतरवा. पण यंदाच्या मृगात वर आणखी चार पाट्या माती नेऊ नका.