तीन छिद्रांवर किती विश्वास ठेवावा?

प्रयोगवहीत आपण विद्यार्थ्यांना तीन वाचने घ्यायला सांगतो आणि त्यांची सरासरी काढायला लावतो. एखादी चौकस मुलगी विचारते, "तीनच का? दोन का नाहीत, दहा का नाहीत?" तास संपत आलेला असतो, म्हणून आपण "पद्धत आहे" असे म्हणून पुढे जातो. या प्रश्नाचे उत्तर आज आपण एका अनपेक्षित ठिकाणी शोधणार आहोत. ते ठिकाण म्हणजे अमेरिकेतील शिकाऱ्यांचे नेमबाजीचे मैदान.

मोन्टाना, वायोमिंग, दक्षिण डाकोटा या राज्यांच्या गवताळ प्रदेशात प्रेअरी डॉग नावाचा प्राणी राहतो. नावात कुत्रा असला तरी तो खारीच्या कुळातला आहे. वजन साधारण एक किलो, राहणे बिळात, वसाहत करून. गुरे पाळणाऱ्यांची तक्रार अशी की तो गुरांचे गवत खातो. अशा उपद्रवी ठरवलेल्या प्राण्यांना तिकडे 'व्हार्मिंट' म्हणतात आणि त्यांची शिकार दोनशे-तीनशे मीटरवरून रायफलीने केली जाते. एवढ्या अंतरावर एवढेसे लक्ष्य टिपायचे, तर काडतूस उत्तम हवे. म्हणून यांपैकी बरेच शिकारी काडतुसे स्वतः भरतात. वापरलेले पितळी कवच पुन्हा मापात आणायचे, नवा प्रायमर बसवायचा, दारू तोलून घालायची आणि वर गोळी बसवायची. दारूचा प्रकार, तिचे वजन, गोळीची जात, ती किती खोल बसवली, यांतले काहीही बदलले की 'भरणी' बदलते. प्रश्न असा की कोणती भरणी चांगली, हे ठरवायचे कसे?

सरकणे आणि विखुरणे

रूढ पद्धत सोपी आहे. रायफल वाळूच्या पिशव्यांवर टेकवायची, शंभर मीटरवर कागद लावायचा आणि एकाच खुणेवर नेम धरून तीन किंवा पाच गोळ्या झाडायच्या. मग सर्वांत दूरच्या दोन छिद्रांमधले अंतर मोजायचे. हा झाला 'गट'. गट जितका लहान, तितकी भरणी चांगली.

इथे दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. सगळी छिद्रे मिळून खुणेच्या डावीकडे पडली, तर ते सरकणे. दुर्बिणीचा स्क्रू फिरवून ते दुरुस्त करता येते. छिद्रे एकमेकांपासून लांब पडली, तर ते विखुरणे. त्यावर कोणताही स्क्रू चालत नाही. प्रयोगशाळेतल्या तराजूलाही हेच दोन दोष असतात. शून्यावर नसलेला काटा दुरुस्त होतो, थरथरणारा काटा होत नाही.

विखुरण्याला इतके महत्त्व का? शिकारी कोनाच्या 'मिनिटा'त बोलतात. मिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग, शंभर मीटरवर सुमारे २.९ सेंटिमीटर. समजा, एका भरणीचे पाच गोळ्यांचे गट सरासरी एक मिनिटाचे आहेत, दुसरीचे अर्ध्या मिनिटाचे. लक्ष्याचे मर्मस्थान ८ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ धरू आणि अंतर २५० मीटर. छिद्रे नेहमीच्या घंटाकृती वक्राप्रमाणे विखुरतात असे मानले, तर पहिल्या भरणीच्या दर चार गोळ्यांपैकी जवळजवळ एक त्या वर्तुळाबाहेर पडेल, दुसरीच्या तीनशेपैकी एक. वर्तुळाबाहेर पडलेली प्रत्येक गोळी वाया जातेच असे नाही. काही वेळा प्राणी जखमी होऊन बिळात शिरतो आणि तिथे हळूहळू मरतो. भरणीविषयीचा चुकीचा निष्कर्ष असा कोणाच्या तरी जिवावर बेततो.

नशिबाचा गट

आता मूळ प्रश्नाकडे वळू. समजा, शिकाऱ्याने दहा भरण्या तयार केल्या आणि प्रत्येकीच्या तीन-तीन गोळ्या झाडल्या. असेही धरा की दहाही भरण्या प्रत्यक्षात अगदी सारख्याच आहेत. तरीही दहा गट सारखे येणार नाहीत. तीन गोळ्यांच्या गटाचे प्रमाण विचलन त्याच्या सरासरीच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही मोठे असते. त्यामुळे सर्वांत लहान गट सरासरीच्या निम्म्याच्या आसपास येतो आणि सर्वांत मोठा दीडपटीच्या वर जातो. म्हणजे निव्वळ योगायोगाने तिपटीचा फरक! शिकारी खूश होतो, लहान गटाचा कागद पाकिटात जपून ठेवतो आणि ती भरणी शेकड्याने भरतो. पुढच्या वेळी गट मोठा आला की वाऱ्याला दोष देतो. खरे तर पहिला गट नशिबाचा होता.

गटाच्या मापात आणखी एक खोड आहे. गोळ्या वाढवल्या की गट मोठाच होतो, लहान कधीच होत नाही. विखुरण्याचे प्रमाण विचलन एक एकक धरले, तर तीन गोळ्यांचा गट सरासरी २.४, पाचांचा ३.१ आणि दहांचा ३.८ एकके येतो. म्हणून तीन गोळ्यांच्या गटाची तुलना पाचांच्या गटाशी करणे चूकच आहे. पण याच खोडीतून एक उपयोगी नियमही निघतो. पहिल्या तीन गोळ्यांतच गट हवा त्यापेक्षा मोठा आला, तर ती भरणी तिथेच सोडावी, कारण पुढच्या गोळ्यांनी तो आटोपणार नाही. वाईट भरणी नाकारायला थोड्या गोळ्या पुरतात, चांगली म्हणून स्वीकारायला पुष्कळ लागतात.

पुष्कळ म्हणजे किती? गटात फक्त टोकाची दोन छिद्रे मोजली जातात, बाकीच्यांची माहिती वाया जाते. त्याऐवजी सर्व छिद्रांचा मध्य काढून प्रत्येक छिद्राचे त्यापासूनचे अंतर हिशेबात घेतले, तर विखुरण्याच्या अंदाजातली शेकडा चूक साधारणपणे ५० भागिले (गोळ्यांची संख्या वजा १) चे वर्गमूळ एवढी असते. तीन गोळ्यांना ही चूक ३५ टक्के, दहांना १७, तीसांना ९. दोन भरण्यांत वीस टक्क्यांचा फरक आहे असे खात्रीने म्हणायचे, तर प्रत्येकीच्या निदान पन्नास गोळ्या झाडाव्या लागतात. इकडे वेगवान काडतुसांची नळी काही हजार गोळ्यांत झिजते. मोजता मोजता मोजायचे साधनच बदलते, ही अडचण संशोधकांच्या ओळखीची आहे.

क्रम, वारा आणि प्रामाणिकपणा

संख्येइतकाच क्रमही महत्त्वाचा आहे. आधी 'अ' भरणीच्या दहा आणि मग 'ब'च्या दहा गोळ्या झाडल्या, तर 'ब'च्या वाट्याला तापलेली, काजळलेली नळी आणि दुपारचा वारा येतो. या छोट्या गोळ्यांना वारा फार बाधतो. बाजूने वाहणारा वारा गोळीला किती ढकलतो, याचे सूत्र सोपे आहे. हवेच्या रोधामुळे गोळीला जेवढा जादा वेळ लागतो, त्याला वाऱ्याच्या वेगाने गुणायचे. जादा वेळ सेकंदाचा विसावा भाग आणि वारा सेकंदाला ३ मीटर असला, तर गोळी १५ सेंटिमीटर सरकते. अर्ध्या मिनिटाची भरणी अशा वाऱ्यात दुर्लक्षाने वाया जाते. म्हणून 'अ' आणि 'ब' आलटून पालटून, किंवा चिठ्ठ्या टाकून ठरलेल्या क्रमाने झाडाव्यात. शेतातल्या खतांची तुलना करताना रोनाल्ड फिशर यांनी हेच तत्त्व सांगितले होते. १९३५ सालच्या त्यांच्या प्रयोगरचनेवरील ग्रंथामुळे ते सर्वत्र रुजले.

अंतरही विसरू नये. सेकंदाला १००० मीटर वेगाची गोळी शंभर मीटर जाईपर्यंत सुमारे ५ सेंटिमीटर पडते, तीनशे मीटर जाईपर्यंत ४४ (हवेचा रोध सोडून). वेग एक टक्का कमी झाला, तर पडणे दोन टक्के वाढते. शंभर मीटरवर हा फरक एक मिलिमीटर, तीनशेवर नऊ. दारू तोलण्यातली हयगय शंभर मीटरच्या कागदावर लपून राहते.

शेवटची बाब मनाची. पाचपैकी चार छिद्रे एकत्र आणि एक दूर पडले, की "तेव्हा हात हलला होता" असे म्हणून ते वगळण्याचा मोह होतो. नियम असा ठेवावा की हात हलल्याचे छिद्र पाहण्याआधी सांगितले तरच वगळायचे. नंतर आठवलेले कारण मोजमाप सुधारत नाही, फक्त आपल्या मनासारखे करते.

वर्गात करून पाहा

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. प्रेअरी डॉगवर जगणारा काळ्या पायांचा फेरेट नामशेष झाला असे मानले जात होते. १९८१ साली वायोमिंगमध्ये त्याची एक छोटी वसाहत सापडली. एकाचा उपद्रवी प्राणी दुसऱ्याचे अन्न असतो, हेही विद्यार्थ्यांना सांगावे. प्रयोगासाठी मात्र रायफल लागत नाही, गोटी पुरते.

पांढऱ्या कागदावर कार्बन पेपर ठेवा आणि त्यावर खडूने फुली काढा. खांद्याच्या उंचीवरून फुलीवर नेम धरून गोटी सोडा आणि उसळलेली गोटी झेला, म्हणजे दुसरा ठसा उमटणार नाही. प्रत्येक वेळी कार्बन उचलून ठशाला क्रमांक द्या. असे तीस ठसे घ्या. मग क्रमाने तीन-तीनांचे दहा गट पाडून प्रत्येकाचे माप काढा. तोच विद्यार्थी, तीच गोटी, तीच उंची, तरी दहा मापे दहा तऱ्हेची येतील. पुढच्या तासाला काचेची गोटी आणि सायकलच्या बेअरिंगचा छर्रा आलटून पालटून सोडा आणि कोणाचा नेम चांगला, हे किती ठशांनंतर खात्रीने सांगता येते ते मुलांनाच ठरवू द्या.

मग त्या चौकस मुलीला उत्तर देता येईल. तीन वाचने म्हणजे आपण एकदाच पाहून थांबलो नाही, एवढीच हमी. किती वाचने पुरेत, हे पद्धतीवर ठरत नाही. वाचने किती विखुरतात आणि आपल्याला किती लहान फरक ओळखायचा आहे, यावर ते ठरते. आणि ते वाचने घेण्याआधी ठरवावे लागते.