अंग दुखतंय, मग व्यायाम कशाला?



मागच्या महिन्यात एका गटाच्या बैठकीत एक ताई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "दोन वर्षं झाली, मान, कंबर, हातपाय, सगळंच दुखतं. रिपोर्ट नॉर्मल येतात. घरचे म्हणतात, ढोंग करते," एवढं बोलून त्या गप्प झाल्या.

तायांनो, रिपोर्ट नॉर्मल आला म्हणून दुखणं खोटं ठरत नाही. असं दुखणं फायब्रोमायल्जिया असू शकतं. यात तीन महिन्यांहून जास्त काळ अंगभर दुखतं, झोपून उठलं तरी थकवा जात नाही. बायकांमध्ये हे जास्त दिसतं. रेडिओचा आवाज कुणी मोठा करून ठेवावा, तसं मेंदूला थोडं दुखणंही मोठं जाणवतं.

मग उपाय काय? युरोपातल्या संधिवात तज्ज्ञांच्या संघटनेने २०१६ साली यावरचे अभ्यास तपासले. औषधांसह अनेक उपाय पाहिले. सर्वांत ठाम शिफारस केली ती फक्त व्यायामाची. २०१८ मध्ये अमेरिकेत २२६ रुग्णांवरचा एक अभ्यास आला. त्यात ताई-ची (नाव ऐकून हसलात ना!) हा सावकाश हालचालींचा चिनी व्यायाम दमवणाऱ्या व्यायामाइतकाच किंवा त्याहून जास्त उपयोगी ठरला. म्हणजे घाम गाळायलाच हवा असं नाही.

तुम्ही म्हणाल, "दिवसभर निंदणी करतो, हंडे उचलतो, तो काय व्यायाम नाही?" कष्ट आहेतच. पण निंदणीत पात संपेपर्यंत वाकावंच लागतं. व्यायाम झेपेल तेवढाच करायचा, थांबणं आपल्या हातात असतं.

सुरुवात अशी करा:

• रोज ५ मिनिटं सपाट रस्त्याने चाला. झेपलं की आठवड्याने एक-दोन मिनिटं वाढवा.
• सुरुवातीला दुखणं थोडं वाढू शकतं. सोडू नका, वेळ कमी करा.
• फरक दिसायला काही आठवडे लागतात. बचतीसारखंच आहे, थोडं थोडं पण नेमाने.

पण आधी डॉक्टरांना दाखवा. थायरॉईडमुळे किंवा अंगात रक्त कमी असल्यानेही असा त्रास होतो. सांधे सुजले, ताप राहिला, वजन घटलं तर थांबू नका, लगेच जा.

व्यायामाने सगळं दुखणं जाईल असं मी सांगणार नाही. पण ते कमी होऊ शकतं, कामं सोपी होऊ शकतात.

त्या ताईंच्या गटाने ठरवलंय, बैठकीआधी सगळ्यांनी मिळून चालायचं. तुमच्या गटाचं काय ठरतंय?