मागचा दिवा पाहिलात का?

दिवस मावळलेला असतो, पण अंधार पुरता पडलेला नसतो. गोठ्यात धारांची वेळ झालेली असते. अशा वेळी गावच्या रस्त्याकडेला घटकाभर उभे राहून पाहावे. रानातून एक मोटारसायकल येते. मागच्या बैठकीवर हत्तीगवताचा भला थोरला भारा आडवा आवळलेला असतो. पुढचा दिवा झगझगीत असतो. गाडी आपल्याला ओलांडून गेली की मागून पाहावे, तर गाडी दिसतच नाही! भाऱ्याचे शेंडे लोंबून मागचा तांबडा दिवा झाकून गेलेला असतो. अंधारात एक गवताचा ढीग तेवढा चाललेला असतो.

आमच्या शेजारच्या अण्णांचे असेच झाले. वैरण घेऊन येताना खड्डा चुकवण्यासाठी त्यांनी ब्रेक दाबला आणि मागून येणारी जीप येऊन भिडली. दैव बलवत्तर, म्हणून पायावर निभावले. जीपवाला पोरगा भला होता. त्यानेच त्यांना दवाखान्यात नेले. पण सारखे एकच म्हणत होता, "काका, तुमचा दिवाच दिसला न्हाई हो!" आणि अण्णा कण्हत कण्हत सांगत होते, "आरं, दिवा चालू हुता की!"

दोघेही खरे बोलत होते. दिवा चालू होता आणि दिसत नव्हता. पुढे दीड महिना पाय प्लास्टरमध्ये राहिला. दोन म्हशींच्या धारा, वैरण, डेअरीची खेप, सगळे वहिनींच्या आणि शाळकरी मुलाच्या अंगावर पडले. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा म्हणतात. म्हणून हा लेख.

हिशेब काय सांगतो?

केंद्र सरकारच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे दगावली. त्यांपैकी ७४,८९७ दुचाकीवरची होती. आणि अपघाताच्या प्रकारांत पहिला नंबर कशाचा, तर मागून धडकेचा. दर पाच अपघातांत एक तरी मागून ठोकल्याचा होता.

हे का होते ते मीटरमध्ये मोजून पाहू. ताशी ६० किलोमीटर वेगाने येणारी गाडी एका सेकंदात सोळा-सतरा मीटर पुढे जाते. चालकाला काही दिसले, ते काय आहे हे उमगले आणि पाय ब्रेकवर गेला, यात सुमारे दीड सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्याआधीच २५ मीटर संपले. कोरड्या, चांगल्या रस्त्यावर गाडी थांबायला आणखी तेवढेच लागतात. एकूण ५० मीटर. वेग ८० असेल तर हाच आकडा ७५ मीटरच्या घरात जातो. आणि खाली वळवलेल्या दिव्यात बिनदिव्याची काळपट वस्तू दिसते ती साधारण ४०-५० मीटरवर. म्हणजे दिसेपर्यंत वेळ निघून गेलेली असते. आपली गाडी चालती असेल तर थोडे अंतर वाढून मिळते, पण खड्ड्यापाशी ती थांबली की तेही संपले.

ही चिंता शेतकऱ्याला जास्त. डेअरीची खेप पहाटे आणि सांजेला. कितीतरी ठिकाणी शेतीपंपाची वीज रात्रपाळीला, म्हणून पाणी पाजायला जाणे मध्यरात्री. कारखाने सुरू झाले की उसाच्या ट्रॉल्या आणि बैलगाड्या त्याच रस्त्यावर.

बिनखर्चाचे काम आधी

जादा दिवे बसवण्याआधी आहे तो दिवा नीट करावा. मागच्या दिव्यावरची धूळ आणि चिखल रोज ओल्या फडक्याने पुसावा. पावसाळ्यात एका फेरीतच काच चिखलाने लिंपून जाते. मग भिंतीजवळ गाडी उभी करून दिवा लावावा आणि हाताचा व पायाचा, दोन्ही ब्रेक एकेक करून दाबावे. दोन्ही वेळा भिंतीवरचा लाल उजेड वाढला पाहिजे. साध्या बल्बात दोन तारा असतात. सतत जळणारी ५ वॅटची आणि ब्रेक दाबल्यावर पेटणारी २१ वॅटची. एक तार तुटली तरी दुसरी जळत राहते. त्यामुळे दिवा लागतो म्हणून आपण निर्धास्त राहतो आणि ब्रेकचा दिवा महिनोन् महिने बंदच असतो.

दुसरी गोष्ट भाऱ्याची. भारा बांधून झाला की चार पावले मागे जाऊन पाहावे. दिवा दिसत नसेल तर भारा वर उचलून बांधावा किंवा दोन खेपा कराव्यात.

तिसरी गोष्ट परावर्तक पट्टी, म्हणजे आपली रेडियमची पट्टी. तिला वीज लागत नाही. तिच्यावर पडलेला उजेड ती आल्या वाटेने परत पाठवते, म्हणून मागच्या चालकाला ती शंभर-दीडशे मीटरवरूनच चमकताना दिसते. नियमाचा रंग ध्यानात ठेवावा. मागे लाल, बाजूला पिवळी, पुढे पांढरी. दुधाच्या किटल्यांच्या चौकटीवर, मडगार्डवर आणि हेल्मेटच्या मागे ती लावावी. उसाच्या बैलगाडीलाही ती हवीच. मात्र समोरचा उजेड पडला तरच पट्टी चमकते. मागून येणाऱ्याचाच दिवा बंद असेल तर ती निरुपयोगी. म्हणून स्वतःचा दिवा हवाच.

जादा दिवा कुठे, कसा?

एकच लाल ठिपका पाहून तो किती लांब आहे याचा अंदाज डोळ्याला येत नाही. दोन-तीन ठिपके असले, तर गाडी जवळ येते तसे त्यांच्यातले अंतर वाढताना दिसते आणि मागच्याला उमगते की आपण भराभर जवळ जातो आहोत. म्हणून जादा दिवा मूळ दिव्याला खेटून न लावता थोडा दूर लावावा. किटल्यांच्या चौकटीच्या दोन्ही बाजूंना एकेक लावला तर गाडीची खरी रुंदीही कळते. एरवी मागच्याला मधला दिवा दिसतो आणि बाजूची किटली दिसत नाही.

वैरण नेणाऱ्यांना आणखी सोपा उपाय आहे. सायकलीला लावायचा सेलवरचा लाल दिवा बाजारात मिळतो. तो भाऱ्याच्या मागच्या अंगाला दोरीत अडकवावा. वायरिंगला हात लावायला नको. तो लुकलुकता न ठेवता स्थिर ठेवावा. लुकलुकत्या दिव्याचे अंतर नीट कळत नाही.

कायमचे दिवे बसवायचे असतील तर एल.ई.डी. घ्यावेत. पूर्वी ६ व्होल्टच्या मोटारसायकलींचा दिवा इंजिन मंदावले की मिणमिणायचा. आजच्या १२ व्होल्टच्या गाडीत तशी अडचण नाही, पण बॅटरी लहानच असते. ब्रेकसाठी २१ वॅटचे दोन जादा बल्ब लावले तर साडेतीन अँपिअरचा बोजा वाढतो. त्याने ब्रेकचे बटण तापते, फ्यूज उडतो. दोन-दोन वॅटच्या दोन एल.ई.डी. दिव्यांना जेमतेम तिसरा हिस्सा अँपिअर लागतो. दुसरा लाभ वेळेचा. साध्या बल्बची तार तापून पुरती उजळायला सेकंदाचा पाचवा भाग जातो. एल.ई.डी. तत्क्षणी लागतो. ताशी ६० वेगाने येणाऱ्याला तेवढ्यात तीन मीटर जादा मिळतात. तीन मीटर म्हणजे एक बैलगाडीच की!

काम जाणत्या मिस्त्रीकडूनच करून घ्यावे. काही गाड्यांत मागचा दिवा बॅटरीवर नसून थेट इंजिनातल्या कॉइलवर चालतो. तिथे एल.ई.डी. लुकलुकतो किंवा जळतो. वायर सोलून नुसती पिळून ठेवू देऊ नये. जोड पक्का, चिकटपट्टी पक्की आणि वेगळा फ्यूज, एवढे आग्रहाने मागावे.

हे मात्र करू नये

मागे पांढरा झगमगीत दिवा लावू नये. येणारा गोंधळतो, गाडी आपल्याकडे येते आहे की पुढे जाते आहे हेच त्याला कळत नाही. नंबरप्लेटवरचा बारीक पांढरा उजेड तेवढा चालतो. निळे-तांबडे लुकलुकते दिवे पोलीस आणि रुग्णवाहिकेचे, ते आपले नव्हेत. जादा दिवा ब्रेकच्या दिव्याइतका प्रखरही नसावा. सततचाच उजेड भगभगीत असला तर ब्रेक दाबल्याचा फरक मागच्याला कळणार कसा?

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे गाडीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही. तेव्हा कायमचे वायरिंग करण्याआधी आर.टी.ओ. कार्यालयात विचारून घ्यावे. पट्टी, स्वच्छ काच आणि भाऱ्यावरचा दिवा यांना मात्र आजपासून सुरुवात करावी.

दिवा म्हणजे ताईत नव्हे

अमेरिकेत १९७० च्या दशकात टॅक्सींच्या मागे उंचावर ब्रेकचा तिसरा दिवा लावून पाहिला. मागून धडका बऱ्याच घटल्या. मग १९८६ च्या मॉडेलपासून प्रत्येक नव्या मोटारीला तो सक्तीचा झाला. पण सगळ्यांच्याच गाडीला तो आला आणि डोळे सरावले. १९९८ च्या तिथल्या सरकारी अहवालात दीर्घकाळचा लाभ चार टक्क्यांच्या आसपास निघाला. चार टक्के म्हणजेही हजारो घरे वाचली. शिकायचे एवढेच की दिवा मदत करतो, पण हमी देत नाही. आरसा पाहून ब्रेक दाबणे, थांबायचे तर गाडी रस्त्याखाली घेणे आणि हेल्मेट, हे त्याच्या जोडीला हवेच.

अण्णा आता काठी सोडून हिंडू लागले आहेत. गाडीला दोन्ही बाजूंनी बारीक लाल दिवे आहेत, भाऱ्याला अडकवायचा एक वेगळा आहे. पण खरी राखण वहिनी करतात. सांजेला अण्णा गाडी काढू लागले की हातातले काम ठेवून त्या अंगणात येतात आणि गाडीच्या मागे उभ्या राहतात. "दाबा ब्रेक," म्हणतात. दिवा उजळला की मगच, "जावा आता."

आपल्या घरीही आज संध्याकाळी कुणीतरी असे गाडीमागे उभे राहावे. एका मिनिटाचे काम आहे.