वाक्याच्या शेवटी कोणते चिन्ह?

मी कॉलेजात मराठी शिकवतो. उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर या पट्ट्यातून येणाऱ्या माझ्या विद्यार्थ्यांपैकी कितीतरी जण आपल्या घरात अर्ज लिहिणारे पहिलेच आहेत. मीही तसाच होतो. या अर्जांत शब्द बहुधा बरोबर असतात. गडबड होते ती वाक्याच्या शेवटी. एकाने लिहिले होते, 'माझी शिष्यवृत्ती अजून जमा झाली नाही?' जी गोष्ट त्याला पक्की ठाऊक होती तिच्यापुढे प्रश्नचिन्ह का? विचारले तर म्हणाला, "सर, साहेबांना सरळ सांगितलं तर उद्धट वाटेल ना." व्याकरणाच्या या चुकीमागे पिढ्यान्‌पिढ्यांची भीती आहे.

इंग्रजीत प्रश्न करताना बहुधा शब्दांचा क्रम बदलतो. मराठीत तो तसाच राहू शकतो. 'आम्ही माणसे आहोत.' 'आम्ही माणसे आहोत?' 'आम्ही माणसे आहोत!' शब्द तेच तीन. पहिले विधान आहे, त्याला कुणाची परवानगी लागत नाही. दुसरे समोरच्याच्या उत्तराची वाट पाहते. तिसरा उद्गार आहे. बोलताना हा फरक आवाज सांभाळतो. कागदावर आवाज नसतो, तिथे चिन्हालाच बोलावे लागते.

ही चिन्हे मराठीत मुळापासून नव्हती. मोडीत शब्दसुद्धा सलग लिहीत, पोथीत दंड असे. एकोणिसाव्या शतकात छापखान्याबरोबर इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे आली. ती रुळवण्यात मेजर थॉमस कँडी यांचा मोठा वाटा आहे. हिंदी वाक्य आजही दंडाने संपते, मराठी टिंबाने. फाळणीनंतर उल्हासनगरात वसलेल्या सिंधी लोकांच्या अरबी वळणाच्या लिपीत प्रश्नचिन्हाचे तोंड उलट्या बाजूला असते. म्हणजे चिन्हे माणसांनी ठरवली. ती कुणाच्या बापजाद्यांची इस्टेट नाही.

नियम थोडेच आहेत. ठाऊक असलेली गोष्ट सांगायची तर पूर्णविराम. उत्तर हवे असेल तर प्रश्नचिन्ह. मात्र 'का', 'कधी' हे शब्द आले म्हणजे प्रश्नचिन्ह आलेच असे नाही. 'रक्कम कधी मिळेल ते कळवावे.' ही मागणी आहे, इथे पूर्णविरामच हवा. भावना उसळली तर उद्गारचिन्ह, आणि तेही एकच.

इथे कार्यकर्त्यांशीही थोडे बोलायचे आहे. आपल्या पत्रकांत प्रत्येक वाक्यापुढे तीन-तीन उद्गारचिन्हे असतात. संताप खरा असतो, पण सगळीच वाक्ये ओरडू लागली की एकही ऐकू येत नाही. अत्याचाराची तारीख, गाव, घडलेला प्रकार पूर्णविरामाने लिहा. त्यानंतर विचारा, 'गुन्हा अजून का नोंदवला नाही?' आधीची विधाने भक्कम असली की हा प्रश्न टाळणे अवघड जाते. १९५० साली अमलात आलेल्या राज्यघटनेचा १७ वा अनुच्छेद अस्पृश्यता नष्ट केल्याचे सांगतो. तो विनंती करीत नाही, आक्रोशही करीत नाही. तो विधान करतो.

त्या विद्यार्थ्याने अर्ज पुन्हा लिहिला. 'माझी शिष्यवृत्ती अजून जमा झालेली नाही. ती कधी जमा होईल ते लेखी कळवावे.' दोन वाक्ये, दोन पूर्णविराम. त्यात उद्धटपणा कुठेच नव्हता.