विश्लेषण : दोन हजारांच्या कन्सोलमध्ये ‘१० हजार’ व्हिडीओ गेम... आपण नेमके काय विकत घेतो?

मारिओ, कॉन्ट्रा, डक हंट, पॅक-मॅन... कॅसेटला फुंकर मारून हे खेळ खेळलेली पिढी आता चाळिशीच्या आसपास आहे. ऑनलाइन बाजारात याच पिढीसाठी ‘रेट्रो कन्सोल’ची रांग लागली आहे. हातात धरायचे ‘४०० इन १’ यंत्र साधारण पाचशे ते आठशे रुपयांत, तर टीव्हीला जोडायची गेम स्टिक दीड ते तीन हजारांत मिळते. खोक्यावर आकडा असतो ‘१०,००० खेळ’. हा सौदा खरेच इतका फायद्याचा आहे का?

या डबीत असते काय?

पाचशे रुपयांच्या यंत्रात जुन्या निन्टेंडो कन्सोलची नक्कल एकाच चिपमध्ये केलेली असते. मूळ ‘फॅमिकॉम’ जपानमध्ये जुलै १९८३ मध्ये आला. त्याचा प्रोसेसर जेमतेम १.७९ मेगाहर्ट्झचा आणि मेमरी दोन किलोबाइटची होती. १९८५ चा अख्खा ‘सुपर मारिओ ब्रदर्स’ ४० किलोबाइटमध्ये मावतो. सकाळी घरच्या ग्रुपवर येणारा ‘शुभ सकाळ’चा फोटोसुद्धा बहुतेक वेळा याहून जड असतो. त्यामुळे आज ही नक्कल करायला फार खर्च येत नाही.

गेम स्टिकचे काम वेगळे. तिच्यात मोबाइलसारखाच छोटा प्रोसेसर, मेमरी कार्ड आणि ‘एमुलेटर’ असतो. एमुलेटर म्हणजे एका यंत्राला दुसऱ्या यंत्रासारखे वागायला लावणारे सॉफ्टवेअर. मारिओला वाटते आपण जुन्या निन्टेंडोवर चालतो आहोत. प्रत्यक्षात तो नव्या चिपवर चालत असतो.

मग एवढे स्वस्त कसे परवडते?

निन्टेंडोने २०१६ मध्ये स्वतःचा ‘एनईएस क्लासिक’ बाजारात आणला तेव्हा त्यात ३० खेळ होते आणि अमेरिकेत किंमत ६० डॉलर होती. दुसरीकडे दहा हजार खेळांची स्टिक त्याच्या निम्म्याहून कमी किमतीत मिळते. चिप स्वस्त झाली हे एक कारण. पण मोठे कारण असे, की कार्डवरच्या खेळांसाठी मूळ कंपन्यांना सहसा एक पैसाही दिलेला नसतो.

दहा हजार खेळ खरेच असतात का?

नव्वदच्या दशकातली ‘९९९९९९ इन १’ कॅसेट आठवते? त्यात मोजके खेळ असत. तोच खेळ दुसऱ्या पातळीपासून सुरू झाला की त्याला नवा क्रमांक मिळे. आजच्या कार्डवर वेगळे खेळ बरेच असतात, पण तोच खेळ जपानी, अमेरिकी आणि युरोपीय आवृत्तीत तीनदा मोजला जातो. कुणीतरी पात्रांचे रंग बदललेल्या आवृत्त्याही यादीत भर घालतात.

काही खेळ यादीत दिसले तरी खेळता येत नाहीत. ‘डक हंट’ त्यातलाच. मूळ खेळात बंदुकीचा चाप ओढला की पडदा क्षणभर काळा होई आणि बदकाच्या जागी पांढरा चौकोन उमटे. बंदुकीतला सेन्सर तो उजेड टिपत असे. हे सगळे जुन्या पिक्चर ट्यूबच्या वेगाशी जुळवलेले होते. नव्या टीव्हीवर चित्र किंचित उशिरा उमटते आणि जुनी बंदूक निकामी ठरते.

उडी उशिरा का पडते?

बटण दाबले तरी मारिओ खड्ड्यात पडतो, तेव्हा दोष दर वेळी आपल्या बोटांचा नसतो. पिक्चर ट्यूबवर चित्र जवळपास तत्क्षणी उमटत असे. आजचा टीव्ही चित्र सुधारण्यात थोडा वेळ घालवतो. त्यात एमुलेटर आणि बिनतारी रिमोट यांच्या विलंबाची भर पडते. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ‘गेम मोड’ सुरू केला की फरक जाणवतो. पात्रे जाडी दिसत असतील तर चित्राचे प्रमाण ४:३ करावे, कारण हे खेळ जुन्या चौकोनी टीव्हीसाठीच बनले होते.

कायदा काय सांगतो?

यंत्राचे पेटंट २० वर्षांत संपते, त्यामुळे जुन्या कन्सोलची नक्कल करण्यात आता पेटंटची अडचण उरलेली नाही. एमुलेटरही मुळात बेकायदा नाहीत. प्लेस्टेशनचे खेळ संगणकावर चालवणाऱ्या एमुलेटरवरून सोनी आणि कनेक्टिक्स यांच्यात खटला झाला, तेव्हा २००० मध्ये अमेरिकी अपील न्यायालयाने कनेक्टिक्सच्या बाजूने निकाल दिला.

खेळांचे तसे नाही. भारताच्या कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार संगणकीय प्रोग्राम हा साहित्यकृतीत मोडतो आणि त्याचे संरक्षण निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकते. ‘खेळ जुना झाला, आता तो सगळ्यांचा’ हा समज म्हणूनच चुकीचा आहे. कायदेशीर प्रत बाळगणाऱ्याला सुरक्षिततेसाठी बॅकअप घेण्याची मुभा कलम ५२ देते. पण कार्डवर आयते आलेले खेळ त्यात बसत नाहीत.

प्रोग्रामची चोरटी प्रत जाणूनबुजून वापरल्यास कलम ६३ बी नुसार सात दिवस ते तीन वर्षे कैद आणि ५० हजार ते दोन लाख रुपये दंड होऊ शकतो. वापर नफ्यासाठी वा व्यवसायासाठी नसेल, तर न्यायालय विशेष कारणे पाहून कैद टाळू शकते आणि ५० हजारांपर्यंत दंड करू शकते.

विक्रेत्यांवर कारवाई होते का?

होते. इटलीतील ट्यूरिन येथे डिसेंबर २०२४ मध्ये आर्थिक पोलिसांनी सुमारे १२ हजार बनावट रेट्रो कन्सोल जप्त केल्याचे जाहीर केले. त्यावर एकूण ४.७ कोटींहून अधिक चोरट्या प्रती होत्या. यंत्रे युरोपच्या सुरक्षा मानकांत बसत नव्हती, हा मुद्दाही पुढे आला.

मग जुने खेळ खेळायचे कुठे?

खरी अडचण इथेच आहे. अमेरिकेतील ‘व्हिडीओ गेम हिस्टरी फाउंडेशन’च्या २०२३ च्या अभ्यासानुसार, तिथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज कायदेशीररीत्या बाजारात मिळतच नाहीत. कंपन्या बंद पडल्या, हक्क कुणाकडे आहेत हे कळेनासे झाले, काहींना पुन्हा विकण्यात फायदा दिसला नाही. त्यामुळे चोरट्या कार्डांनाच संग्रहालयाचे रूप आले आहे. मात्र कार्ड खराब झाले की असे ‘संग्रहालय’ एका क्षणात कोरे होते.

जे कायदेशीर मिळते तेही थोडे नाही. कोनामीने २०१९ मध्ये कॉन्ट्राचे जुने भाग एकत्र आणले. ‘स्ट्रीट फायटर’चा असाच संच २०१८ मध्ये आला. पॅक-मॅन मोबाइलवर आहे. निन्टेंडो आपले जुने खेळ ‘स्विच ऑनलाइन’च्या वर्गणीत देते. जुन्या यंत्रांसाठी आजही नवे खेळ बनतात. २०१९ चा ‘मायक्रो मेजेस’ मूळ मारिओइतक्याच ४० किलोबाइटमध्ये बसवलेला आहे आणि विकत घेऊन एमुलेटरवर खेळता येतो. एमुलेटर अँड्रॉइडवर पूर्वीपासून होते. ॲपलनेही एप्रिल २०२४ पासून त्यांना परवानगी दिली. म्हणजे यंत्र तुमच्या खिशातच आहे, खर्च हवा तो फक्त ब्लूटूथ रिमोटचा.

तरीही घेतलाच, तर काय पाहावे?

पहिली गोष्ट खोक्यावरचा बीआयएस नोंदणी क्रमांक. २०१२ च्या आदेशाने इलेक्ट्रॉनिक व्हिडीओ गेमना ही नोंदणी सक्तीची केली. ‘आर’ने सुरू होणारा क्रमांक ‘बीआयएस केअर’ ॲपवर तपासता येतो.

दुसरी गोष्ट बॅटरी. हातातल्या स्वस्त यंत्रांत अनेकदा जुन्या नोकियातली ‘बीएल-५सी’ प्रकारची लिथियम बॅटरी असते. ती फुगलेली दिसली तर लगेच वापर थांबवावा आणि मुलांना चार्जिंग सुरू असताना खेळू देऊ नये.

तिसरी गोष्ट वीज. स्टिक सारखी बंद पडत असेल तर टीव्हीचा यूएसबी पोर्ट कमी पडत असू शकतो. अशा वेळी पाच व्होल्टचा चांगला ॲडॅप्टर वापरून पाहावा.

आणि सर्वांत आधी, खोक्यावरचा आकडा विसरून आपल्याला खेळायचे आहेत त्या खेळांची नावे कागदावर लिहावीत. बहुतेकांची यादी दहाच्या पुढे जात नाही. त्यातले किती खेळ फोनवर किंवा संगणकावर रीतसर मिळतात ते पाहावे आणि मगच दोन हजार खर्च करायचे की नाही ते ठरवावे.