धरणाला खत नको

चैत्र पौर्णिमेपासून विवळवेढ्याला महालक्ष्मीची जत्रा भरते, तेव्हा डहाणू-तलासरीत ऊन तापलेले असते आणि धरणांतले पाणी ओसरू लागलेले असते. कोमट, संथ पाणी आणि भरपूर ऊन शेवाळाला मानवते. पण तेवढ्याने तळे हिरवे होत नाही. त्यासाठी खत लागते.

शेवाळाच्या पेशीत वजनाने साधारण 41 भाग कार्बन, 7 भाग नायट्रोजन आणि 1 भाग फॉस्फरस असतो. कार्बन हवेतून मिळतो. काही निळी-हिरवी शेवाळे नायट्रोजनही हवेतूनच घेतात. फॉस्फरस मात्र माती, खत आणि सांडपाण्यातूनच यावा लागतो. कॅनडात डेव्हिड शिंडलर यांच्या चमूने 1973 मध्ये 226 क्रमांकाच्या तळ्याच्या मधोमध पडदा लावला. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन घातले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरसही. फॉस्फरसचा भाग शेवाळाने हिरवागार झाला, दुसरा स्वच्छ राहिला.

आता हिशेब आपल्या शेताच्या भाषेत मांडू. 18:46 खताच्या 50 किलोंच्या गोणीत सुमारे 10 किलो शुद्ध फॉस्फरस असतो. एक किलो फॉस्फरसवर सुमारे 500 किलो ओले शेवाळ वाढू शकते. म्हणजे एका गोणीतला सगळा फॉस्फरस पाण्यात उतरला, तर पाच टन शेवाळाची सोय झाली.

महाराष्ट्रात हे उजनी धरणात दिसते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि तिथून या धरणात येते. उन्हाळ्यात पाण्यावर हिरवा तवंग चढतो, आणि हेच धरण सोलापूरची तहान भागवते. कोल्हापूरच्या रंकाळा तलावानेही मायक्रोसिस्टिस या निळ्या-हिरव्या शेवाळाचा त्रास भोगला आहे. त्याच्या पेशींत हवेच्या सूक्ष्म पिशव्या असतात. त्यामुळे ते वर तरंगते, ऊन अडवते आणि खालच्या वनस्पतींना उपाशी ठेवते. शेवाळ मेले की ते कुजवणारे जिवाणू पाण्यातला प्राणवायू संपवतात आणि पहाटे मासे तडफडून वर येतात.

मायक्रोसिस्टिसच्या अनेक जाती यकृताला घातक विष तयार करतात. पाणी उकळले तरी हे विष जात नाही. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट 2014 मध्ये ईरी सरोवरातल्या शेवाळामुळे चार लाखांहून अधिक लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, उकळूनही नको, असे सांगावे लागले होते.

सर्वांत चिवट भाग तळाशी असतो. वर्षानुवर्षे आलेला फॉस्फरस गाळात लोहाशी बांधून बसतो. तळाचा प्राणवायू संपला की ही गाठ सुटते आणि तो पुन्हा पाण्यात मिसळतो. गाळ म्हणजे जुनी उधारीची वही. नवे सांडपाणी बंद केले तरी तिची फेड अनेक वर्षे चालते. म्हणूनच हिरवे झालेले धरण सुधारण्यापेक्षा ते हिरवे होऊ न देणे कितीतरी स्वस्त पडते.

ही संधी आपल्या भागाला अजून आहे. सूर्या नदीवरच्या धामणी धरणाचे पाणी इथल्या शेतांना मिळतेच, शिवाय वसई-विरारकडेही जाते. धरणाच्या वर ना पुण्यासारखे महानगर आहे, ना तितके सांडपाणी. पण उतारावरची माती पावसाळ्यात वाहते आणि तिला चिकटलेला फॉस्फरस सोबत घेऊन जाते. त्यामुळे मुसळधार पावसाच्या तोंडावर खत फेकू नये, बांध धड ठेवावेत, ओढ्याकाठी गवताचा आणि झाडांचा पट्टा राखावा. शौचालयाचे आणि कपडे-भांड्यांचे पाणी शोषखड्ड्यात जिरवावे. जत्रेच्या गर्दीसाठीही हीच व्यवस्था आधीपासून हवी. आणि ज्या शहरांचा नळ सूर्येवर चालतो, त्यांनी वरच्या गावांतल्या या कामांचा खर्च उचलायला हवा.