एक ‘बॉइल’ आणि तीन उकळ्या

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरजवळ घटकाभर थांबणाऱ्या प्रवाशांत एखादा तरी वर्षीतपाचा आराधक असतो. उपाहारगृहात ‘जैन पावभाजी’ सहज मिळते; अडचण येते ती पाण्याची. ‘बॉइल वॉटर’ मागितले की वाढणारा मुलगा यंत्राच्या तोटीतून वाफाळलेला पेला भरून आणतो. महामार्गावरून उतरून कर्जत किंवा खोपोलीच्या बाजारातल्या हातगाडीवर नुसते ‘बॉइल’ म्हटले, तर समोर उकडलेले अंडे येण्याची शक्यता अधिक. तेथे त्या शब्दाचा रूढ अर्थच तो आहे. पेला आणणाऱ्याचा दोष नाही. तिविहार उपवास किंवा आयंबिल करणाऱ्याचे पच्चक्खाण मात्र या एका शब्दावर अवलंबून असते.

जैन परंपरेत पाणी हे केवळ जीवांचे घर नव्हे, ते स्वतःच अप्काय जीवांचे शरीर आहे. ते अचित्त व्हावे म्हणून उकळायचे. पहिल्या उकळीला ते पूर्ण अचित्त होत नाही, दुसरीलाही काही अंश उरतो, तिसऱ्या उकळीनंतरच ते वापरण्यास योग्य होते, अशी श्वेतांबर परंपरेची मांडणी आहे. अशा पाण्याची मुदत वर्षाकाळात 3 प्रहर, हिवाळ्यात 4 आणि उन्हाळ्यात 5 प्रहर मानतात. दिगंबर परंपरेत गाळलेल्या पाण्याची मर्यादा 48 मिनिटांची आणि पूर्ण उकळलेल्या पाण्याची 24 तासांची. एवढा बारकावा ‘बॉइल’ या तीन अक्षरांत मावत नाही, आणि ‘हॉट’ या शब्दात तर मुळीच नाही.

तसा हा इंग्रजी शब्द गरीब नाही. त्याचे मूळ लॅटिनमध्ये, ‘बुडबुडा’ या अर्थाच्या ‘बुल्ला’ शब्दात आहे. बुडबुड्यासारख्या गोल मुद्रेलाही पुढे तेच नाव पडले, आणि ती मुद्रा लावलेल्या पोपच्या आज्ञापत्राला ‘बुल’ म्हणू लागले. गळू या अर्थाचा ‘बॉइल’ मात्र वेगळ्या कुळातला, जुन्या इंग्रजीतला. उच्चार जुळले म्हणून दोघे एकत्र नांदतात इतकेच.

मराठी स्वयंपाकघराला हा एकच शब्द पुरत नाही. पाणी उकळते, रताळी उकडतात, डाळ शिजते, दूध उतू जाते, आमटीला कढ येतो, भातासाठी आधण ठेवतात. त्यातही गंमत अशी की इंग्रजीत दूध ‘बॉइल’ करतात. मराठी घरात मात्र, पातेल्याच्या काठापर्यंत फेस चढला तरी, दूध ‘तापवतात’. पाणी ‘तापवतात’ ते आंघोळीचे, आणि ‘उकळतात’ ते पिण्याचे वा चहाचे. पाण्याच्या बाबतीत मराठीने हा भेद इतका स्वच्छ राखला असताना आपण उपाहारगृहात शिरताच इंग्रजीचा आधार का घ्यावा, हे एक कोडेच आहे.

तांदळात तर घोटाळा दुहेरी. कर्जत हे भाताचे गाव; कोकण कृषी विद्यापीठाच्या येथील संशोधन केंद्राने दिलेले ‘कर्जत’ नावाचे वाण शेतकऱ्यांच्या ओळखीचे आहेत. इंग्रजी पाककृतीत ‘बॉइल्ड राइस’ म्हणजे साधा शिजवलेला भात. आपल्या वाणसामानाच्या यादीत तोच शब्द आला की दुकानदार उकडा तांदूळ बांधतो. तो भात नव्हे, कच्चा तांदूळच. फक्त टरफलासह भिजवून, वाफवून, वाळवून मग सडलेला. परदेशातील सुनेने यादी धाडली आणि सासूबाईंनी दक्षिण कोकणातला जाड, तांबूस तांदूळ पाठवला, तर चूक कोणाची म्हणावी?

भावनांच्या बाबतीत दोन्ही भाषा वेगवेगळ्या चुलींवर आहेत. इंग्रज माणूस रागाने उकळतो. मराठी माणसाला आनंदाच्या उकळ्या फुटतात, दुःखाचे कढ येतात. राग आला की तळपायाची आग मस्तकात जाते, तिथे पाण्याचा संबंध नाही. आणि कोणी कोणाकडून पैसे ‘उकळले’, तर त्यात आनंद एकाच बाजूला असतो.

आता घाटाची गोष्ट. कर्जत-खालापूरच्या सखल भागात पाणी जवळजवळ 100 अंश सेल्सिअसला उकळते. उंची साधारण 300 मीटर वाढली की हा बिंदू सुमारे 1 अंशाने खाली येतो. म्हणजे बोरघाट चढून 600 मीटरवरच्या खंडाळ्यात तो 98 च्या आसपास, आणि नेरळहून गाडीने माथेरानला गेल्यास 97 च्या जवळ. चातुर्मास संपल्यावर पुण्याकडे विहार करणारे साधु-साध्वीजी चौक, खालापूर, खोपोली करीत हाच घाट चढतात. वर डाळ शिजायला थोडा अधिक वेळ लागतो. पाण्याचे गणित मात्र बदलत नाही, कारण परंपरेने मोजायला सांगितले ते अंश नव्हेत, उकळ्या. पातेल्याच्या तळाशी प्रथम दिसणारे बारीक बुडबुडे बहुधा पाण्यात विरघळलेल्या हवेचे असतात, त्यांना उकळी समजू नये. सारे पाणी खालून वर ढवळून निघू लागले की ती खरी उकळी.

मुनींसाठी मुद्दाम पाणी उकळणे हा आचारात दोष मानला आहे. म्हणून विहारमार्गावर मोल असते ते स्वतः रोज उकळलेले पाणी पिणाऱ्या घराचे. पावसाळ्यात उल्हास आणि पाताळगंगा गढूळ होऊन वाहतात, कावीळ-जुलाबाच्या भीतीने डॉक्टरही पाणी उकळूनच प्या म्हणतात. अशा दिवसांत ही सवय लावून घेणे या दोन तालुक्यांतील कुटुंबांना जड नाही. प्रवासात उपाहारगृहाकडे वळावेच लागले, तर आराधकाने ‘बॉइल’ शब्द उंबऱ्याबाहेर ठेवून सरळ सांगावे : “दादा, पिण्याचे पाणी गाळून पातेल्यात घ्या, तीन वेळा खळखळून उकळू द्या, आणि दुसरे पाणी त्यात मिसळू नका.” दहा मिनिटे थांबावे लागते. पेल्यात मग मागितले तेच येते.